पाहुणे चितारी

पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याला लागले, की कापूरहोळपाशी उजव्या हाताला भोरचा फाटा फुटतो आणि डाव्या हाताचा रस्ता नारायणपूरवरून सासवडकडे जातो. येणारेजाणारे येथे चहापुरते थांबतात आणि पुढे निघतात. गावाला इतिहासात जागा मिळाली ती मात्र एका बाईमुळे. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईंची प्रकृती ढासळलेली होती, बाळाला दूध पुरेना. तेव्हा कापूरहोळच्या गाड्यांच्या घरची धाराऊ गडावर बोलावली गेली. आमच्याकडे ही हकीकत पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असते. मी ती दरसाल वर्गात सांगतो, आणि तिचा एक भाग विसरत नाही. राजाच्या घरचे बोलावणे आले ते एकट्या धाराऊला. पण त्या घराने तिच्या लेकरांनाही आपले म्हटले. अंतोजी आणि रायाजी गाडे हे तिचे मुलगे पुढे संभाजीराजांच्या चाकरीत राहिले, असे आमची म्हातारी माणसे आवर्जून सांगतात. आईला नेले आणि घर उघडे टाकले, असे झाले नाही.

गेल्या वर्षी ही गोष्ट सांगताना माझे मन भलतीकडेच गेले. त्याला कारण शाळेच्या भिंती.

दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या शाळेचा व्हरांडा रंगवायला काढला होता. (शाळेचे नाव सांगत नाही, त्यात दोष असलाच तर तो माझाही आहे.) मक्तेदाराने पुण्याहून एक पोरगा धाडला. त्याच्याजवळ एक गेरूच्या रंगाचा डबा, एक पांढऱ्या रंगाचा, आणि पत्र्यातून कापलेले पाच-सहा साचे. साचा भिंतीला लावायचा, वरून बोळा फिरवायचा, साचा उचलायचा. दोन दिवसांत व्हरांडाभर त्रिकोणी अंगाची माणसे नाचू लागली. मधोमध तारपा वाजवणारा, भोवती हातात हात घातलेले गडी आणि बाया, बाजूला झोपडी, ताडाचे झाड. हेडमास्तर खूश, पालक खूश, मुले तर त्या माणसांसारखी कमरेत वाकून नाचू लागली. मीही मान डोलावली.

आमच्या वर्गात वेल्ह्याकडून आलेला एक कातकऱ्याचा मुलगा आहे. वर्षातून चार महिनेच असतो. पुढे आईबाप वीटभट्टीवर निघाले, की हाही निघतो. त्याने भिंतीकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, “गुरुजी, ही माणसं कुणाची?”

मी म्हटले, “वारल्यांची. डहाणू-तलासरीकडचे आदिवासी. त्यांची चित्रं अशी असतात.”

“मग काढायला ते नाही आले?”

मी मॅट्रिक झालेला मास्तर. कादंबऱ्या लिहितो, पण चित्रकलेचे शास्त्र मला येत नाही. तरी या प्रश्नाने मला जे हलवले, त्यामुळे पुढचे वर्षभर मी मिळेल ते वाचत राहिलो, आणि मार्गशीर्षात सुट्टी काढून डहाणूलाही जाऊन आलो. जे हाती लागले ते येथे मांडतो.

वारल्यांचे हे चित्र मुळात शोभेचे नव्हेच. ते लग्नाचे आहे. घरात लग्न निघाले, की आतल्या अंधाऱ्या खोलीत शेणाने सारवलेल्या भिंतीवर गेरू फासतात, आणि सवाशिणी तांदळाच्या पिठीचे पाणी करून बांबूच्या काडीने चौक लिहितात. चौकाच्या आत पालघट देवी असते. शेजारच्या लहान चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या देव. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. लग्न झाले, की चित्राचे काम संपले. पुढे ते धुराने काळवंडते, पावसाळ्यात ओलीने फुगते आणि गळून पडते. त्याबद्दल कुणी हळहळत नाही. पुढच्या लग्नाला पुन्हा लिहायचे.

चित्र लग्नाचे म्हटल्यावर लग्नाच्या खर्चाचा विषय निघतोच, आणि चित्रांच्या देखण्या पुस्तकांत तो क्वचितच निघतो. जुन्या ठाणे जिल्ह्यात वारल्याला लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढावे लागे, आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांनी त्याच्या घरी आणि शेतावर राबायचे, असा रिवाज होता. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. ते कर्ज कधी फिटत नसे. बापाचे मुलावर येई. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळ झरी येथे हजारो वारली जमले आणि यापुढे वेठबिगार करायची नाही, असे त्यांनी ठरवले. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली तो लढा चालला. त्याच साली ऑक्टोबरात तलवाडा येथे पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसे मेली. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ही सगळी हकीकत लिहिली आहे. ज्यांच्या घरी ते नसेल, त्यांनी या दिवाळीत मुलांसाठी आणावे. माझ्या मनात मात्र एकच चित्र राहिले: आत भिंतीवर पिठीने लिहिलेला देवीचा चौक, आणि बाहेर त्या चौकापायी जन्माचा गहाण पडलेला नवरदेव. आपण शोभेला म्हणून उचलले ते हे.

आता दुसऱ्या एका पाहुण्याकडे वळतो. हा उलट बाजूचा पाहुणा.

१९६६-६७ साली बिहारात मोठा दुष्काळ पडला. मधुबनीकडच्या बायका आपल्या घरांच्या भिंतींवर चित्रे काढीत; ती त्यांनी कागदावर काढली तर विकता येतील आणि चूल पेटेल, असा विचार अखिल भारतीय हस्तकला मंडळात पुपुल जयकर यांनी केला, आणि त्या कामावर मुंबईच्या भास्कर कुलकर्णी या चित्रकाराला धाडले. कुलकर्णी गावोगाव हिंडले, कागद वाटले, बायकांच्या ओसरीवर बसून राहिले. त्यांतून सीतादेवी, गंगादेवी, जगदंबादेवी अशी नावे देशाला कळली. पुढे सत्तरीच्या दशकाच्या आरंभी हेच कुलकर्णी डहाणूकडे आले आणि वारली पाड्यांवर राहिले.

चित्रकार गावात जाऊन राहणे आणि गावच्या चिताऱ्याला आपल्याकडे राहायला नेणे, या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात भाषा, जेवण, झोपण्याची वेळ सगळे यजमानाचे, आणि यजमान तो गावकरी. कुलकर्णी पाहुणे म्हणून राहिले म्हणून त्यांना दिसले, की येथे एक माणूस लग्न नसतानाही चित्रे काढतो. गंजाडच्या कळंबीपाड्यावर राहणारे जिव्या सोमा म्हसे. १९३४ चा जन्म. लहानपणीच आई गेली, आणि पोराची वाचाच बसली. कुणाशी बोलायचे ते धुळीत रेघा काढून बोलायचे, असे त्यांच्याबद्दल सांगतात. चौक हे बायकांचे काम. पण या माणसाने ती काडी हातात धरली आणि चौकाच्या बाहेरचे सगळे रान चितारले: मासेमारीचे जाळे, मुंग्यांची रांग, भात झोडणारी माणसे. १९७५ साली मुंबईत केमोल्ड गॅलरीत त्यांची चित्रे लागली. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार आला. १९८९ साली पॅरिसच्या एका मोठ्या प्रदर्शनात जगभरच्या नामांकित चित्रकारांच्या शेजारी त्यांना जागा मिळाली. २००३ साली रिचर्ड लाँग हा इंग्रज कलावंत स्वतः वारली मुलखात येऊन राहिला, आणि मग जर्मनीत ड्युसेलडॉर्फला दोघांचे काम एकत्र मांडले गेले. २०११ साली पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी ते गेले.

यात एक काटा आहे, तो लपवीत नाही. कागद आला, पैसा आला, तेव्हा पाड्यावर जी काडी सवाशिणींच्या हातात होती, ती बहुतेक पुरुषांच्या हातात गेली. मधुबनीत तसे झाले नाही. तेथे बायकांनीच कागद धरला. वारल्यांत चौक आजही बायका लिहितात, पण प्रदर्शनाच्या पत्रिकेवर नाव छापून येते ते बहुधा बुवाचे. जिव्यांचा यात दोष नाही. पण दर पिढीने लिहून गळू दिलेल्या त्या हजारो भिंती ज्यांच्या, त्यांचे एकही नाव आपल्याला ठाऊक नाही. आम्हा कापूरहोळकरांना निदान धाराऊचे नाव ठाऊक आहे.

गंजाडला एका घरी मी अंगणात बसलो होतो. घरच्या म्हातारीने मला विचारले, “तुमच्याकडे लग्नात भिंतीवर काय काढतात?” मी म्हटले, पूर्वी गावचा रंगारी दारावर गणपती काढी, दोन बाजूंना भालदार-चोपदार, केळीचे खांब, आणि वर वधूवरांची नावे. “आता?” आता कापडी फलक छापून आणतात. तिने मान हलवली. “मग तुमचा रंगारी काय करतो?” मला खरोखरीच उत्तर आले नाही. आमच्या आळीचा रंगारी पुढे ट्रकांच्या पाठीवर अक्षरे काढू लागला होता, आणि ते कामही गेल्यावर कुठे गेला हे मी कधी विचारले नव्हते.

आता त्या दुसऱ्या प्रकारचे बोलावणे. राजाश्रयाची रीत आपल्याकडे जुनीच. आमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी चित्रकारांना, पंडितांना जवळ केले. पंडित सातवळेकर १९१८ साली औंधला येऊन राहिले ते उगीच नव्हे. राजे गेले, तेव्हा ती गादी संग्रहालयांनी, अकादमींनी आणि परदेशच्या रसिकांनी घेतली.

जपानात निगाता प्रांतात तोकामाची नावाचे ठिकाण आहे. तेथे हिवाळ्यात माणसाहून उंच बर्फ पडतो. डोंगरातल्या एका बंद पडलेल्या शाळेत तोकियो हासेगावा या गृहस्थांनी १९८२ साली मिथिला संग्रहालय मांडले. (मास्तर म्हणून मला प्रथम ती शाळा दिसली, मुले संपली आणि चित्रे राहायला आली.) भारतातून चितारी तेथे बोलावून घ्यायचे, महिनोन् महिने ठेवायचे, मोठमोठी चित्रे करून घ्यायची, अशी तेथली पद्धत. गंगादेवी तेथे राहून आल्या. जिव्या म्हसेही राहून आले. आणि तेथेच मध्य प्रदेशचा जनगढसिंग श्याम गेला.

जनगढ हा परधान गोंड. परधान म्हणजे गोंडांचे भाट. बाना हे वाद्य वाजवून देवांच्या आणि राजांच्या कथा गाणारे. जुने यजमान राहिले नाहीत आणि बाना खुंटीला लागला. १९८१ साली भोपाळच्या भारत भवनासाठी जगदीश स्वामीनाथन यांनी तरुण चित्रकारांना खेड्यांतून धाडले. त्यांना मंडला भागात पाटनगढ येथे एका घराच्या भिंतीवर चित्र दिसले. ते जनगढने काढलेले. स्वामीनाथनांनी त्याला भोपाळला आणले, भारत भवनात काम दिले. बाना जे गाई, ते हा ठिपक्यांनी आणि रेषांनी काढू लागला. भोपाळच्या नव्या विधानभवनाच्या भिंतीही त्याने रंगवल्या. आणि येथे मला धाराऊची आठवण होते: जनगढ एकटा भोपाळला राहिला नाही. भाऊबंद, पुतणे, मेहुणे आले, त्याच्या घरी राहिले, त्याच्या चित्रांत ठिपके भरता भरता स्वतः चितारी झाले. एका बोलावण्यावर सगळी आळी उभी राहिली.

२००१ साली तो तोकामाचीला होता. मुक्कामाची मुदत वाढली होती. घरी लिहिलेल्या पत्रांतून परतण्याची ओढ दिसत होती. ३ जुलै २००१ रोजी त्याने तेथेच आपले आयुष्य संपवले. वय चाळिशीच्या आतले. देशातल्या चित्रकारांनी जाब विचारला, वर्तमानपत्रांतून चर्चा झाली. त्याच शाळेतून जिव्या परत आले होते, गंगादेवी परत आल्या होत्या. एकच घर एका पाहुण्याला मानवते आणि दुसऱ्याला खायला उठते, हे आपण सासरी गेलेल्या मुलींच्या बाबतीत जाणतो. चिताऱ्यांच्या बाबतीत विसरतो.

ही हकीकत मी मुलांना सांगितली. किती सांगावी, याचा विचार करून सांगितली: एक मोठा चितारी दूर देशी कामाला गेला, त्याला घरी यायचे होते, आणि तो आला नाही. वर्ग गप्प झाला. तेव्हा तो कातकऱ्याचा मुलगा म्हणाला, “गुरुजी, त्यांनी उचल घेतली होती का?”

वाचकांपैकी ज्यांना वीटभट्टीचा व्यवहार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा भट्टीवाला आगाऊ रक्कम देतो. पुष्कळदा लग्नासाठीही देतो. तिला उचल म्हणतात. ती फिटेपर्यंत भट्टी सोडता येत नाही. मुलाला एवढेच विचारायचे होते, की त्या माणसाला निघून येता का आले नाही. दूर देश, विमान, परवाने यांतले त्याला काही ठाऊक नव्हते. पण नेमके काय विचारायचे, ते ठाऊक होते. लग्नगड्यांची गोष्ट मी त्याला अजून सांगितली नव्हती.

याच जनगढचा पुतण्या भज्जू श्याम पुढे लंडनला जाऊन दोन महिने एका हिंदुस्थानी खाणावळीच्या भिंती रंगवून आला. परत येऊन त्याने लंडनची चित्रे काढली. तेथल्या मोठ्या घड्याळाच्या मनोऱ्यात त्याला आपल्याकडचा कोंबडा दिसला. दोघेही वेळच सांगतात. २००४ साली त्याचे पुस्तक निघाले. एके काळी साहेब आपल्याकडे येई आणि आपल्याविषयी पुस्तक लिही. येथे गोंडाने साहेबाच्या गावाविषयी लिहिले. मोठी मौज वाटली. काम ठरलेले, मुदत ठरलेली, मुदत संपली आणि माणूस घरी.

ऑस्ट्रेलियातली एक हकीकत मला विशेष लागली, कारण ती एका मास्तराची आहे. वाळवंटात पापुन्या नावाच्या वसाहतीत सरकारने आदिवासींना आणून वसवले होते. १९७१ साली जेफ्री बार्डन हा चित्रकलेचा शिक्षक तेथील शाळेवर आला. त्याने मुलांना त्यांचीच नक्षी काढायला सांगितली, आणि मग वडीलधारी माणसे पुढे झाली व त्यांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीच्या पुराणकथेचे मोठे चित्र काढले. त्यांतूनच १९७२ साली चिताऱ्यांची स्वतःची कंपनी निघाली. कंपनीचे मालक तेच. ती आजही चालू आहे. आणि भिंत? १९७४ साली सरकारी माणसांनी तीवर रंग फासला.

आपणही यात मागे नाही. गंगादेवींना कर्करोग झाला होता. दिल्लीत उपचार घेत असताना त्यांनी तेथील राष्ट्रीय शिल्प संग्रहालयात राहून कोहबर घर, म्हणजे मिथिलेच्या नवरानवरीची खोली, भिंतींवर चितारली. १९९१ साली त्या गेल्या. २०१५ साली त्या भिंती नाहीशा झाल्याचे लोकांना कळले; नूतनीकरणात त्या पाडल्या गेल्या होत्या. पाड्यावरचा चौक गळतो, तेव्हा पुढच्या लग्नात दुसरा लिहिला जातो. दिल्लीतली खोली पुन्हा लिहायला गंगादेवी कुठून आणायच्या?

गंजाडला उलटाही प्रयोग झाला आहे. २०१३ च्या सुमारास जपानी चित्रकार तेथे आले, गावात राहिले, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेच्या वर्गांच्या भिंतींवर वारली चिताऱ्यांच्या बरोबरीने त्यांनी काम केले. मी गेलो तेव्हा ही गोष्ट मला सांगणाऱ्या तरुणाला त्या चित्रांपेक्षा जपानी पाहुण्यांना भाकरी कशी थापायला शिकवली, याचेच जास्त अप्रूप होते.

परत आल्यावर मी हेडमास्तरांकडे गेलो. म्हटले, पुढच्या वर्षी व्हरांड्याची मागची बाजू रंगवायची आहे, तर साचे नकोत. डहाणूकडचे एखादे जोडपे आठ दिवस बोलावू. हेडमास्तर भले गृहस्थ. म्हणाले, “राहतील कुठे?” मी म्हटले, माझ्या घरी. “पैसे?” मक्तेदाराला दिले तेवढे तरी द्यावेच लागतील, जाण्यायेण्याचे भाडे वेगळे. “एवढ्यात तर साऱ्या शाळेला साच्याचं काम होईल.” हे खरेच होते. शाळा समितीच्या बैठकीत यावर दोन वेळा बोलणे झाले. एक सभासद म्हणाले, आपल्याच गावच्या बायकांना रांगोळी येते, त्यांनाच का सांगत नाही? हाही प्रश्न वावगा नव्हता, आणि त्याचे उत्तर म्हणून पुढल्या भिंतीचा निम्मा भाग गावच्या बायकांसाठी ठेवला आहे. शेवटी निम्मी रक्कम समितीने मंजूर केली. उरलेली या लेखाच्या मानधनासह मी घालणार आहे. संपादकांनी हे वाचून मानधन वेळेवर धाडावे.

गंजाडला फोन केला. फोनवर आधी तो गडी बोलला, मग त्याने बायकोकडे दिला. तिने विचारले, भिंत मातीची की सिमेंटची? सिमेंटची. मग आधी शेण आणि माती थापावी लागेल, ती सोय आहे का? आहे. पिठी आम्ही आणू, आमचाच तांदूळ बरा. धाकटे मूल बरोबर येईल, चालेल ना? मी म्हटले, दोन्ही मुलांना आणा, शाळाच आहे. ती हसली. मग ठरले: भात झोडून झाल्यावर येऊ, आणि आठव्या दिवशी निघू, कारण नंतर पाड्यावर नणंदेचे लग्न आहे आणि तेथला चौक तिलाच लिहायचा आहे.

परतीची तिकिटे मी आधीच काढून ठेवली आहेत. तो कातकऱ्याचा मुलगा तेवढ्यात भट्टीवर निघून जाऊ नये, म्हणून त्याच्या बापाशी बोलायला रविवारी वेल्ह्याकडे जायचे आहे. उचल या वर्षीही घेतलेली आहे, असे कळते.